मुंगीच्या डोक्यावरची सुई

४ तारीख, मंगळवार

ताई,

पत्र फाडू नकोस. फाडायचंच असेल तर आधी एका गोष्टीचं उत्तर दे, मग फाड. लहान बाळाच्या डोक्याला सलाईनची सुई लावतात, ती मेंदूपर्यंत जाते का? तू नर्स आहेस, तुला माहीत असणार. इथे कोणाला विचारायची सोय राहिलेली नाही.

मला मुलगी झाली. तुझ्या कानावर आलं असेल, नसेल. तीन महिन्यांची आहे. चांगलं नाव ठेवलंय पण सगळे मुंगी म्हणतात, कारण एवढीशी आहे आणि कोणाला सोडत नाही. तिला ताप आला आणि तिने डोळे फिरवले. मी तशीच उचलून मोठ्या दवाखान्यात आणली. पायात चप्पल नव्हती ते मला इथे आल्यावर कळलं. डॉक्टर म्हणाले पाठीच्या पाण्यात जंतू झालेत, तीन आठवडे शिरेतून इंजेक्शनं द्यावी लागतील, एक पण चुकवायचं नाही.

तर झालं काय, तिच्या हातापायाच्या शिरा संपल्या. सगळीकडे टोचून टोचून सुजलं. रविवारी त्यांनी डोक्यावरचे थोडे केस काढले आणि तिथे सुई लावली. वरून कागदाचा पेला उलटा चिकटवला, धक्का लागू नये म्हणून. संध्याकाळी भेटायच्या वेळेला मुंगीचा बाबा आणि सासूबाई आल्या. सासूबाईंनी पेला बघितला आणि तिथेच खाली बसल्या. म्हणाल्या, "पोरीच्या मेंदूला भोक पाडलं गं."

मग जे व्हायचं ते झालं. त्याने सिस्टरला मारलं. कानाखाली एकच, पण ती औषधांच्या ढकलगाडीवर जाऊन पडली. बाटल्या फुटल्या. सगळी बाळं एकदम रडायला लागली.

मला कोणी विचारलं नव्हतं ताई. सुई लावायच्या आधी मला कोणी काही विचारलं नव्हतं. म्हणून त्याला राग आला. कुठल्याही बापाला येईल. तू म्हणायचीस ना, याचा हात तोंडाच्या आधी चालतो, लग्न करू नकोस. तसं काही नाही. माझ्यावर त्याने कधी हात उचललेला नाही. लोक काय, काही पण बोलतात.

फोन करू नकोस. फोन त्याच्याकडे असतो. खालच्या पत्त्यावर लिही, तो आमच्या वॉर्डातल्या मावशींच्या घरचा आहे. मावशी झाडूपोछा करतात. म्हणाल्या, "तुझ्या बहिणीला लिही, पण थोडक्यात लिही, मला वाचायचा मोह होतो."

तुझी धाकटी


८ तारीख, शनिवार

ताई,

उत्तर आलं नाही. पहिलं पत्रच पोचलं नसेल म्हणा. तरी मावशी आल्या की माझा डोळा त्यांच्या पिशवीवर.

इथलं सगळं बदललं. वॉर्डच्या दारात वॉचमन बसवलाय. बाबांना आत यायला बंदी, सगळ्यांच्याच. भेटायला एका बाळामागे एकच बाई, ती पण डबा देऊन लगेच बाहेर. माझ्या शेजारच्या खाटेवर जुळ्यांची आई आहे, तिने तोंडावर सांगितलं, "तुझ्या नवऱ्याने एक ठेवून दिली आणि शिक्षा आमच्या सगळ्यांच्या नवऱ्यांना. माझा येत नाही ते बरंच आहे, आला की घोरतो. पण दोघं एकदम रडायला लागल्यावर मी कोणाच्या मांडीवर देऊ?" मग थोड्या वेळाने एक पोर माझ्या मांडीवर दिलंच तिने. बाकीच्या बायका ते पण देत नाहीत. पाणी भरायला गेले की बोलणं थांबतं.

सिस्टर आता दोघी दोघी येतात. एक काम करते, दुसरी दाराकडे तोंड करून उभी राहते. औषध वेळेवर देतात, ते खोटं बोलणार नाही मी. पण पूर्वी मुंगीशी बोलायच्या. "काय गं कामचुकार, पुन्हा सुई काढलीस" असं काहीतरी म्हणायच्या. आता नुसतं बाटली बघायची, लिहायचं, पुढच्या खाटेवर.

जिला मारलं ती तिसऱ्या दिवशी परत आली. आम्ही बायका तिला सुईवाल्या सिस्टर म्हणतो, कारण कोणाला शीर सापडली नाही की तिला बोलावतात. आधी ती तळव्याने बाळाचं डोकं नुसतं कुरवाळत बसते. आपल्याला वाटतं लाड करतेय. ती शीर शोधत असते. वयाने तुझ्याएवढीच असेल.

कानात कापसाचा बोळा होता. दुसऱ्या सिस्टरने काही विचारलं तर तिने मान फिरवून दुसरा कान पुढे केला. ती माझ्या खाटेपाशी आली तेव्हा मला राहवलं नाही. मी हळूच म्हटलं, "सिस्टर, शिट्टी वाजते ना आत? ती जाते. आठ-दहा दिवस राहते, मग कमी होते. त्या कुशीवर झोपू नका फक्त, झोपलं की जास्त वाजते."

ती बाटली लावत होती, थांबली. माझ्याकडे बघितलं. म्हणाली, "तुम्हाला कसं माहीत?"

मी म्हटलं, "ऐकलंय कोणाकडून तरी."

तिने माझ्या कानाकडे बघितलं, मग नळी सरळ केली आणि गेली.

काल चौकशी झाली. मेट्रन बाई होत्या आणि एक साहेब. मेट्रन म्हणजे सगळ्या सिस्टरवरची मोठी, ते तुला काय सांगायचं. सासूबाई माझ्या बाजूला बसल्या होत्या, माझा पदर खुर्चीखाली दाबून. साहेब म्हणाले, "सुई लावायच्या आधी तुम्हाला सांगितलं होतं का? परवानगी घेतली होती का?" मी म्हटलं, नाही. त्यांनी लिहून घेतलं. सुईवाल्या सिस्टर समोरच उभ्या होत्या. काही बोलल्या नाहीत. आधीच बोलून झालं असेल त्यांचं, काय माहीत.

आज त्यांना वॉर्डातून काढून कपड्यांच्या खोलीत पाठवलं. चादरी मोजायला. मावशी सांगत होत्या, मला सांगायचं म्हणून नाही, फरशीला सांगत असल्यासारख्या, "चौकशी संपेपर्यंत तिथे. नंतर घरीच बसवतील. ज्याने मारलं तो गेटवर चहा पितोय, आणि जिने मार खाल्ला ती चादरी मोजतेय."

मुंगीला कालपासून ताप नाही. ते तेवढं चांगलं.

तुझी धाकटी


१३ तारीख, गुरुवार

ताई,

तुझं पत्र मिळालं. मावशींनी बादलीत घालून आणलं, वर कोरडं फडकं टाकून. मी बाथरूममध्ये जाऊन वाचलं.

तू चार ओळीच लिहिल्यास, पण लिहिल्यास. सुई मेंदूत जात नाही, नुसत्या कातडीखाली शिरेत असते, कळलं. खरं सांगू, मला माहीत होतं. आणि तू पुढे लिहिलंयस, "आम्ही आईला सांगितल्याशिवाय डोक्याला हात लावत नाही. त्या बाईने तुला विचारलं असणार." ती ओळ मी वाचली आणि पत्र घडी करून पोलक्यात टाकलं. मग परत काढून वाचलं. ओळ तीच होती.

विचारलं होतं ताई.

दोनदा विचारलं. आधी सांगितलं, "घाबरू नका, डोक्यात नाही, डोक्यावर आहे. बाळांची तिथली शीर वर असते, सापडायला सोपी. हातापेक्षा कमी दुखतं." मी म्हटलं, बघा बाई तुम्ही. ती म्हणाली, "बघा नको, हो म्हणा. मूल तुमचं आहे." मी हो म्हटलं. तिने केस काढले आणि माझ्या हातात दिले. मी ते रुमालात बांधले, अजून आहेत. मुंगीचं डोकं मीच धरलं होतं, दोन्ही हातांनी. पहिल्याच वेळेला सुई लागली. मला इतकं बरं वाटलं ताई, दोन दिवसांत पहिल्यांदा मुंगी टोचून न घेता झोपली.

संध्याकाळी तो आला. सासूबाई खाली बसल्या. त्याने मला विचारलं, "कोणाला विचारून लावली?" त्याने हळू आवाजात विचारलं. तू त्याचा मोठा आवाज ऐकलायस, हळू आवाज तुला माहीत नाही. सिस्टर पाठमोरी होती, औषध भरत होती. तिला वाटलं असेल मी सांगेन. मी म्हटलं, "मला नाही विचारलं."

तो राग कुठेतरी जाणारच होता. मी एवढंच बघितलं की तो माझ्याकडे येऊ नये. मुंगी माझ्या मांडीवर होती ना.

आता तू म्हणशील, जा आणि सांग. तू लिहिलंच आहेस, "मला लिहून काय उपयोग, त्यांना सांग." सांगणं सोपं आहे का? तुझ्या तिथे कोणी पेशंटच्या माणसाने तुला धक्का दिला होता, तेव्हा तू रजा टाकून घरी आली होतीस. दार लावून झोपली होतीस. आईने विचारलं तर म्हणालीस डोकं दुखतंय. तू पण नव्हतं सांगितलंस. मी तुला दोष देत नाही. मी आपलं सांगते की जीभ उचलत नाही कधी कधी.

मी काल कपड्यांच्या खोलीपर्यंत गेले होते. चादर मागायचं निमित्त. ती आत पाठमोरी बसली होती. कोणीतरी दार आपटलं लांब कुठेतरी, तर ती एवढी दचकली की गठ्ठा पडला. मी चादर न घेताच परत आले.

तू विचारलंयस, "माझ्याकडे येतेस का?" मुंगीची इंजेक्शनं झाल्याशिवाय कुठे जाऊ? आणि झाल्यावर तो गेटवर उभा असणार.


१६ तारीख, रविवार

ताई,

हे घाईत लिहिते, अक्षर लागत नसेल तर तसंच वाच.

शुक्रवारी मुंगीची सुई निघाली. सूज आली होती, काढावीच लागली. दुपारचं इंजेक्शन द्यायची वेळ झाली. दोन सिस्टरनी हात बघितले, पाय बघितले, घाम फुटला दोघींना, शीर काही सापडेना. एक म्हणाली, "डोक्यालाच लावावी लागेल." दुसरी म्हणाली, "बापाची सही?"

नवीन नियम झालाय. माझ्या त्या एका नाहीमुळे झालाय. डोक्याला सुई लावायची तर बापाने सही करायची. आईने हो म्हटलेलं चालत नाही.

वॉचमन कागद घेऊन गेटवर गेला. मुंगीचा बाबा तिथेच होता, चहाच्या टपरीवर. वॉचमन परत आला, कागद कोरा. म्हणाला, "तुमचे मालक म्हणतात, डोक्याला हात लावाल तर बघा. हातालाच लावा, नाहीतर दुसरा दवाखाना बघतो."

मी बाहेर धावले. वॉर्डच्या जाळीतून त्याला हाक मारली. म्हटलं, "अरे सही कर, तिचं इंजेक्शन राहिलंय." तो जवळ आला. म्हणाला, "वेडी आहेस का? आता सही केली तर मग तेव्हा मारलं कशाला, असं नाही विचारणार ते?" मी म्हटलं, "मुंगीला औषध नाही मिळालं तर?" म्हणाला, "काही होत नाही एका दिवसाने. हे लोक घाबरवतात." सासूबाई मागून म्हणाल्या, "तू आत जा बाई, तमाशा नको."

मी आत आले. मुंगी गरम लागायला लागली होती, का मलाच तसं वाटलं कोण जाणे. मोठे डॉक्टर शस्त्रक्रियेत होते, ते आले की ठरवतील म्हणाले. कधी येतील, माहीत नाही. मी मेट्रन बाईंच्या खोलीत गेले. आत दोघी-तिघी सिस्टर होत्या. मी म्हटलं, "मी आई आहे, मी सांगते, लावा डोक्याला."

मेट्रन बाई वाईट नाहीत. पण त्या म्हणाल्या, "बाई, तुम्ही याच खोलीत सांगितलंत की तुम्हाला विचारलं नव्हतं. उद्या पुन्हा तेच म्हणाल. माझ्या मुलींनी किती वेळा मार खायचा?"

मग मी सांगितलं. उभ्यानेच. विचारलं होतं म्हणून सांगितलं, दोनदा विचारलं होतं, मी हो म्हटलं होतं, डोकं मी धरलं होतं. माझा आवाज मलाच कोणा दुसऱ्याचा वाटत होता. मेट्रन बाई म्हणाल्या, "मग त्या दिवशी का नाही बोललात?" एक तरुण सिस्टर होती, ती म्हणाली, "मॅडम, यांच्या कानामागे बघा ना." मी पदर ओढून घेतला. मग मेट्रन बाईंनी कागद लिहिला आणि मी सही केली. माझी सही, वाकडी तिकडी. म्हणाल्या, "नियम मी बघते. बाळाचं आधी करू."

सुईवाल्या सिस्टरना बोलावणं गेलं. त्या आल्या. कोणीतरी त्यांना वाटेत सांगितलं असणार, कारण त्यांनी माझ्याकडे बघितलंच नाही. हात धुतले. मुंगीच्या डोक्यावर तळवा ठेवला. मी मुंगीला धरलं, तेव्हासारखंच. त्यांनी सुई हातात घेतली आणि दार वाजलं. जेवणाचा डबा घेऊन कोणीतरी बाई आली होती, बाकी काही नाही. पण त्यांचा हात थरथरायला लागला. त्यांनी सुई खाली ठेवली. मनगट दुसऱ्या हाताने धरलं, परत उचलली, परत ठेवली.

"माझ्याने नाही होणार," म्हणाल्या. "मला बोलवू नका." आणि गेल्या.

त्या तरुण सिस्टरने लावली. चौथ्या वेळेला लागली. मुंगी रडून रडून निळी पडली होती. इंजेक्शन गेलं, उशिरा का होईना. डॉक्टर नंतर आले, म्हणाले, बचावली, पण असा उशीर परत नको.

मी कपड्यांच्या खोलीत गेले. म्हटलं, "सिस्टर, मी सांगितलं सगळं." त्या चादरींच्या घड्या घालत होत्या. म्हणाल्या, "कळलं मला."

"तुम्हाला परत वॉर्डात घेतील."

"घेतायत. मीच नको म्हटलं." मग म्हणाल्या, "शिट्टी गेली नाही अजून. तुम्ही आठ दिवस म्हणाला होतात."

माझी गेली होती म्हणून सांगितलं होतं. मी एक चादर उचलली आणि दुसरं टोक त्यांना दिलं. त्यांनी ते घेतलं. दोन-तीन चादरी झाल्या आमच्या. मग मुंगीच्या दुधाची वेळ झाली म्हणून मी आले.

ताई, तू लिहिलं होतंस की सांगितल्यावर हलकं वाटेल. नाही वाटलं.


२६ तारीख, बुधवार

ताई,

मुंगीला सोमवारी घरी सोडलं. बरी आहे. वजन वाढलं. मावशींनी जाताना तिच्या कपाळावरून हात फिरवला आणि म्हणाल्या, "पुन्हा येऊ नकोस गं बाई, तुझी आठवण आली तरी येऊ नकोस." जुळ्यांच्या आईने मला मिठी मारली. तिची अजून तिथेच आहेत.

त्याचं प्रकरण मिटलं. साहेबांनी त्याच्याकडून माफी लिहून घेतली आणि मिटवलं. दवाखान्याचं नाव खराब होतं म्हणे. सुईवाल्या सिस्टरना सही करायला बोलावलं होतं, समेट झाला अशी. त्यांनी केली. मावशी म्हणाल्या, सही केली आणि पेन साहेबांच्या टेबलावर न ठेवता खाली ठेवलं, एवढाच काय तो राग.

माफी लिहायला बोलावलं तेव्हा त्याला तिथे कळलं, की मी काय सांगितलं ते. साहेबांनीच वाचून दाखवलं. मला वाटलं होतं मेट्रन बाई कागद आपल्यापाशी ठेवतील. का ठेवतील म्हणा, त्यांना त्यांच्या मुलींना सोडवायचं होतं.

रिक्षात मुंगीला त्याने घेतलं होतं, नीट घेतलं होतं, डोक्याखाली हात धरून. सासूबाई बाहेर बघत होत्या. घरी आलो. सासूबाई शेजारी जाते म्हणाल्या आणि गेल्या. अशा वेळी त्या नेहमी शेजारी जातात.

त्याने विचारलं, "तुला विचारलं होतं का नव्हतं?" हळू आवाजात.

मी म्हटलं, "विचारलं होतं."

परत विचारलं. मी परत तेच सांगितलं. मला वाटलं होतं तोंडातून दुसरंच निघेल. नाही निघालं. एकदा खरं सांगून बसलं की मग दुसरं सापडतच नाही, ही मोठी पंचाईत आहे.

तो हसला. "बरं," म्हणाला. मुंगीला माझ्याकडे न देता पाळण्यात ठेवलं. चहा करून घेतला, स्वतःपुरता. कालपासून कामावर जाताना बाहेरून कडी लावून जातो. सासूबाई आत असतात, त्या पण काही म्हणत नाहीत. येताना मुंगीला खेळणं घेऊन आला. माझ्याशी चांगलं बोलतो. दारावर टकटक झाली की मी आता दचकते, सुईवाल्या सिस्टरसारखी.

अजून काही झालेलं नाही ताई. हेच सांगायला लिहिलं. हे पत्र खिडकीतून शेजारणीला देणार आहे. ती देवाच्या दयेने सासूबाईंशी बोलत नाही, म्हणून टाकेल.

तू ये म्हणाली होतीस, पण मी येऊ शकत नाही. तूच ये. रजा मिळत नसेल तर खोटं सांगून घे. मुंगीला पुढच्या बुधवारी दाखवायला न्यायचंय असं मी त्याला सांगितलंय, तू तेव्हा आलीस तर निदान दार उघडं असेल. तो घरी असेल. त्याच्याशी वाद घालू नकोस, मोठ्याने बोलू नकोस, तू नर्स आहेस हे तोंडातून काढू नकोस.

आणि कामावरून परस्पर येशील ना, तर पांढऱ्या कपड्यांत येऊ नकोस.

तुझी धाकटी